द्वेषाचा शब्द ओळखतो कोण?

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे तत्त्व म्यानमारमधील एका उदाहरणावर तपासून पाहा. बर्मी भाषेत ‘कला’ हा भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांसाठीचा जुना शब्द आहे (आपल्या ‘कला’शी त्याचा संबंध नाही). पुढे मुसलमानांना, विशेषतः रोहिंग्यांना हिणवण्यासाठी तो फेसबुकवर सर्रास वापरला जाऊ लागला. कंपनीने असा मजकूर काढण्यास आरंभ केला, तेव्हा निरुपद्रवी लेखनही त्यात सापडले. कारण बर्मीतील हरभऱ्याच्या आणि खुर्चीच्या नावांतही तीच अक्षरे येतात! यंत्राने अक्षरे जुळवली. लिहिणाऱ्याचा हेतू त्याला उमगला नाही.

हेतू कळतो तो त्या भाषेच्या भाषकांना. परंतु एकट्यादुकट्याने हरकत घेतली, तर तोच लक्ष्य होतो आणि इतरांचे मौन ही संमती मानली जाते. ने फोन लत या ब्लॉगलेखकाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पान्झगा’ चळवळीचे मर्म येथे आहे. बर्मीत ‘पान’ म्हणजे फूल. ‘पान्झगा’ म्हणजे फुलासारखी वाणी. ओठांत फूल धरलेली आपली छायाचित्रे अनेकांनी प्रसृत केली. आपल्या भाषेचा असा वापर आम्हांस मान्य नाही, हे वाद न घालता अनेकांनी मिळून सांगितले.

हा प्रयत्न अपुरा पडला, हेही नमूद केले पाहिजे. ऑगस्ट २०१७ पासूनच्या लष्करी कारवाईत ७ लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. आपण पुरेसे केले नाही, ही फेसबुकची कबुली २०१८ मध्ये आली.

आता आपल्या परिसरातील असा एखादा शब्द निवडा आणि त्यावर हरकत कोणी घेतली, कोण गप्प राहिले, हे नोंदवा.