आधी बसायची जागा, मग रंग

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, पुण्याच्या शनिवारवाड्यात चित्रकलेचे एक छोटे विद्यालय चालत होते. इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवत असे. तिथल्या चित्रकारांपैकी आज ठळकपणे माहीत असलेले नाव म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा, वेरूळची लेणी असे अनेक विषय त्यांनी कागदावर उतरवले. त्यांतील बरीच चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत.

वेरूळच्या खांबांच्या रांगेसमोर कागद घेऊन बसलेल्या गंगारामांपुढे जो प्रश्न होता, तोच आज जलरंगांची पहिली पेटी घेणाऱ्यापुढे असतो: खोली नसलेल्या कागदावर खोली आणायची कशी? आपल्या जुन्या चित्रांत याचे उत्तर वेगळे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत मंडपांच्या कडा एका बिंदूकडे धावत नाहीत. लघुचित्रांत गालिचा वरून पाहिलेला असतो आणि त्यावरचा राजा समोरून किंवा बाजूने. हे अज्ञान नव्हे. पाहणारा तिथे चित्रात हिंडत असतो. युरोपात पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्कीने प्रयोग करून आणि अल्बर्टीने १४३५ च्या ग्रंथातून जे यथादर्शन मांडले, म्हणजे ज्याला आपले ड्रॉइंगचे मास्तर ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात, त्याने पाहणाऱ्याला एका जागी बसवले. एक माणूस, एक जागा, एक डोळा. हा पाहण्यासंबंधीचा एक करार आहे.

शाळेत हा करार आपल्याला कोणी सांगितलेला नसतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी पट्टीने रेषा एका ठिपक्याला जोडायच्या, एवढेच लक्षात राहते. मग पन्नाशीत हौसेने ब्रश हाती घेतला, की घर कलंडते, रस्ता भिंतीसारखा उभा राहतो आणि ‘आपला हातच चित्राचा नाही’ असे म्हणून पेटी माळ्यावर जाते. दोष बहुधा हाताचा नसतो. आपण कुठे बसलो आहोत, हे ठरवायचे राहिलेले असते.

ते ठरवण्याची रीत सोपी आहे. पेन्सिल आडवी धरून डोळ्यांच्या बरोबर समोर आणा. ती समोरच्या दृश्याला जिथे कापते, ती तुमची नजरेची रेषा. कागदावर ती सर्वांत आधी काढा. सरळ गल्लीत उभे राहिलात, तर तिच्या वरच्या कडा, म्हणजे पागोळ्यांची रांग, सज्जे, विजेच्या तारा, दूर जाताना खाली उतरतात. खालच्या कडा, म्हणजे ओटे, गटार, फरशी, वर चढतात. दोन्ही त्या रेषेवर एका बिंदूत मिळतात. तिथेच ओट्यावर बसा. रेषा तुमच्याबरोबर खाली येते आणि सारे चित्र बदलते. घरी तांब्या घेऊनही हे पाहता येईल. त्याचे तोंड डोळ्यांच्या पातळीवर धरले तर नुसती आडवी रेघ दिसते; खाली नेत गेलात तर लंबगोल रुंदावत जातो.

वाड्याचा कोपरा समोर असेल तर असे दोन बिंदू लागतात आणि ते बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर पडतात. नवशिका दोन्ही कागदात कोंबतो, म्हणून त्याच्या घराचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा पुढे येतो. कौलारू घराच्या त्रिकोणी भिंतीचा शेंडाही असाच फसवतो. तो दिसणाऱ्या रुंदीच्या मोजून मध्यावर नसतो. खालच्या चौकोनाचे दोन कर्ण काढा. ते जिथे छेदतात, त्याच्या सरळ वर शेंडा येतो. दूरचा अर्धा भाग आखूड दिसतो, एवढेच त्याचे कारण.

जलरंगही आधी ठरवायला लावतो, मात्र अधिक कडकपणे. रंगद्रव्य आणि डिंक यांचा हा पातळ थर पारदर्शक असतो, म्हणून त्यातला उजेड कागदाचा असतो. पांढरे ठेवायचे ते पहिल्यापासून कोरे राखावे लागते. काम फिक्याकडून गडदकडे जाते आणि वाळल्यावर रंग फिका पडतो, हे धरून तो थोडा जास्त लावायचा. ओल्या कागदावर ओला रंग पसरतो: आभाळाला आणि पावसाळी सह्याद्रीच्या दूरच्या निळसर रांगांना हे लागते. कडा हवी तिथे कागद पूर्ण वाळू द्यायचा. धोका या दोहोंच्या मधे आहे. कागदाची चकाकी जाऊन तो नुसता दमट राहिला असताना ओला ब्रश लागला, की फुलकोबीसारखा डाग उमटतो. त्या वेळी हात मागे ठेवणे हेच नवशिक्याचे सर्वांत अवघड काम.

सावळाराम हळदणकरांची हाती दिवा घेतलेली स्त्री अनेकांनी कॅलेंडरवर पाहिलेली असते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते मूळ चित्र कित्येकांना रविवर्म्याचे तैलचित्र वाटते; प्रत्यक्षात ते जलरंगात आहे. तिथली ज्योत उजळ वाटते ती भोवतालच्या अंधारामुळे.

सुरुवातीला साहित्य थोडेच असावे. ३०० ग्रॅमचा कागद घ्यावा, कारण पातळ ड्रॉइंगचा कागद पाण्याने फुगतो. एक मोठा गोल ब्रश आणि अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना हे दोनच रंग पुरेत. त्यांच्या मिश्रणातून थंड आणि उबदार करडे मिळतात. उन्हात एक खोका ठेवा. वरची बाजू कोरी, एक बाजू मध्यम, एक गडद. ते तीन तुकडे नीट उतरले, की वाडा म्हणजे मोठा खोकाच.

१७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, त्याच वर्षी वेल्सही गेला आणि शनिवारवाड्यातले विद्यालय टिकले नाही. मुंबईत जे. जे. स्कूल सुरू व्हायला १८५७ साल उजाडले. तिथून पुढे एका जागेवरून पाहणे ही आपल्याकडेही चित्राची मुख्य रीत झाली, इतकी की अजिंठ्याचे हिंडते पाहणे काहींना चुकीचे वाटू लागले. शिकणाऱ्याने ही रीत पक्की करावी, पण ती अनेकांतली एक आहे हे विसरू नये. त्यासाठी एक साधी सवय पुरते. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवा: कुठे बसलो होतो, उभा होतो की बसलेला, आणि किती वाजले होते.