ढग, दव आणि तारा

दुर्बिणीतून आकाश पाहावयाचे तर रात्र निरभ्र असावी, हे खरे. परंतु केवळ तशा रात्रींचीच वाट पाहणारा हौशी निरीक्षक हिवाळ्यातील कित्येक उपयुक्त रात्री गमावून बसतो. अंशतः ढगाळ रात्रीही पुष्कळ पाहता येते. मात्र त्या वेळी एक प्रश्न सतत मनाशी बाळगावा लागतो. एखादा तारा नेहमीपेक्षा मंद दिसला, तर तो खरोखरच मंदावला आहे, की त्याच्या व आपल्यामध्ये काही आडवे आले आहे?

जयपूरच्या दक्षिणेस असलेले सांगानेर ठशांच्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. जयपूरचा विमानतळही येथेच आहे. विमानतळावरील हवामान-निरीक्षक आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत याची नोंद करतात. तीन-चार भाग व्यापलेले असल्यास आकाश अंशतः ढगाळ समजतात. या प्रदेशात हिवाळ्यातील ढग बहुधा भूमध्य समुद्राकडून इराणवरून येणाऱ्या वातविक्षोभांबरोबर येतात. त्यांच्यापासून पडणाऱ्या पावसास राजस्थानात ‘मावठ’ म्हणतात. प्रथम पिसांसारखे विरळ, उंच ढग दिसू लागतात. मागाहून दाट ढग येतात. विक्षोभ पुढे सरकला म्हणजे थंड वारे वाहून आकाश स्वच्छ होते. ही क्रमवारी ध्यानात ठेवणाऱ्यास कोणत्या रात्री काय पाहावे याचा अंदाज बांधता येतो.

अशा रात्री सांगानेरच्या एखाद्या गच्चीवर पंधरा सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण मांडली आहे, असे समजू या. उत्तरेकडील ढगांवर जयपूरच्या दिव्यांचा उजेड पसरलेला असेल. त्या बाजूस ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २७ अंश उंचीवर दिसेल. दक्षिणेस अगस्त्य मात्र साडेदहा अंशांपलीकडे चढणार नाही. पुण्यास तोच तारा सुमारे १९ अंशांपर्यंत चढतो. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येत असल्यामुळे ढग नसतानाही तारा तेथे मंद दिसतो, हे विसरू नये.

ढगांच्या विरळ पडद्यातून चंद्र, ग्रह आणि तेजस्वी जोडतारे बऱ्यापैकी पाहता येतात. मृगातील तेजोमेघासारख्या अंधूक वस्तू मात्र स्वच्छ खिंडार सापडेल तेव्हाच पाहाव्यात. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीच उघड्यावर ठेवावी, म्हणजे तिचे तापमान बाहेरच्या हवेइतके होईल. आकाशाकडे तोंड करून असलेले भिंग आपली उष्णता बाहेर टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव जमते. निरभ्र आकाशाखाली हे लवकर घडते. ढग असल्यास काही उष्णता परत मिळते. पुठ्ठ्याची नळी भिंगापुढे बसविल्यास दवास बराच आळा बसतो. भिंगावर दव असल्यास दृष्टिक्षेत्रातील सर्वच तारे अंधूक होतात, व ढग सरकला तरी ते उजळत नाहीत. ही दवाची खूण होय.

ढगाची परीक्षा तुलनेने करावी. काही ताऱ्यांचे तेज कालांतराने कमीअधिक होते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. तिमिंगल तारकासमूहातील मीरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत नुसत्या डोळ्यांनी सहज दिसण्याइतका उजळतो आणि पुन्हा दुर्बिणीवाचून दिसेनासा होतो. दुर्बिणीच्या लहानशा दृष्टिक्षेत्रात त्याच्या शेजारचे, स्थिर तेजाचे तारेही दिसतात. विरळ ढग आला तर तो साधारणपणे सर्वांना सारखाच झाकतो; म्हणून शेजाऱ्यांशी केलेली तुलना विश्वसनीय ठरते.

मृगातील काक्षी या तांबूस ताऱ्याचे काम अधिक अवघड आहे. तुलनेस योग्य असे तेजस्वी तारे त्याच्यापासून दूर पसरलेले आहेत, आणि मधल्या अंतरात ढग एकसारखा असेलच असे नाही. २०१९ च्या अखेरीस हा तारा मंद होऊ लागला. एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारे त्याचे तेज फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत, म्हणजे नेहमीच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत उतरले. प्रतीचा आकडा वाढला की तेज घटते. काक्षी त्या वेळी पश्चिमेकडील बेलाट्रिक्स ताऱ्याइतकाच दिसू लागला होता. एकाच गच्चीवरील निरीक्षकाने हे पाहिले असते, तर ढगाचा संशय घेणे योग्यच ठरले असते. परंतु निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या. ढग स्थानिक असतो. सर्व देशांवर एकाच वेळी तो त्याच ताऱ्यासमोर येत नाही. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार काक्षीच्या पृष्ठभागाचा काही भाग थंड झाला होता आणि त्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ तयार होऊन ती आड आली होती. ढग होताच, पण तो त्या ताऱ्याचा होता!

अशा नोंदी जमा करण्यासाठी अमेरिकेत १९११ मध्ये रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना स्थापन झाली. बंगालमधील राधागोविंद चंद्र या हौशी निरीक्षकाने तिच्याकडे ३७,००० हून अधिक नोंदी पाठविल्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे. सवाई जयसिंगानेही जयपूरबरोबर दिल्ली, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे वेधशाळा उभारल्या, त्यामागील एक हेतू एका ठिकाणचे वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहण्याचा होता.

म्हणून नोंदवहीत तारीख, वेळ, स्थळ, ताऱ्याची उंची, तुलनेचे तारे आणि आकाशाचे किती अष्टमांश ढगाळ होते, हे सर्व लिहावे. शंका असल्यास तीही लिहावी. ‘ढगामुळे तारा दिसला नाही’ हे वाक्यही एक नोंदच आहे. अंदाजाने भरलेला आकडा मात्र नोंद नव्हे.