पसंतीक्रम भरायच्या आधी एवढं वाचाच

आपल्या नगर जिल्ह्यात शिकायला काय कमी नाही. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 पासून आहे, नगर शहरातलं अहमदनगर कॉलेज तर 1947 चं. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट इथे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. तरी दरवर्षी हुशार पोरं कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये, अडकतात, याचं फार वाईट वाटतं.

इंजिनिअरिंगला 2025 मध्ये नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं. दुसऱ्या फेरीत हीच अट पहिल्या तीन पसंतींना, तिसरीत पहिल्या सहांना. म्हणजे 'मिळेल ते वर टाकू' असं करूच नका. खरंच जायचंय तेच कॉलेज आणि तीच शाखा वर लिहा. मागच्या वर्षीचा कटऑफ बघा, पण त्याला घाबरून आवडीचं कॉलेज खाली ढकलू नका. यंदाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या साइटवरूनच घ्या, कॅफेवाल्याच्या तोंडी माहितीवर राहू नका.

मुलींच्या पालकांनो, 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

जात पडताळणीचा अर्ज मात्र अकरावी-बारावीतच टाका. निकालानंतर पडताळणी समितीकडे रांग लागते.