अळी मोजतो, रानडूक का मोजत नाही?

खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या अलीकडच्या पट्ट्यातील एका गावी, मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे प्रशिक्षण आटोपत आले होते. शंकासमाधानाच्या वेळी मागच्या रांगेतील एक वयस्क शेतकरी उठले आणि म्हणाले, "साहेब, अळीचं औषध सांगितलंत, बरं झालं. पण कणसं भरली की डुकरं येतात. अळी मारायला तुम्ही बेंगळुरूहून येता आणि डुक्कर मारलं तर आम्हाला तुरुंग. हा कुठला न्याय?" सभेत हशा पिकला. मी "हा वनविभागाचा विषय आहे" असे सांगून वेळ मारून नेली. परतीच्या प्रवासात मात्र ते उत्तर मलाच बोचत राहिले. कीटकशास्त्रज्ञाचे अर्धे आयुष्य सजीवांना मारण्याच्या पद्धती शोधण्यात जाते. त्याने हा प्रश्न दुसऱ्या खात्याकडे ढकलणे योग्य नव्हे. हा लेख म्हणजे त्या शेतकऱ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

वाद नेमका कशाचा?

पिकांची नासाडी करणाऱ्या वन्यप्राण्यांना मारावे की नाही, हा वाद देशभर उघडपणे झाला तो २०१६ साली. केंद्राने बिहारमध्ये नीलगाय व रानडूक, उत्तराखंडात रानडूक आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना ठरावीक क्षेत्रापुरते व ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित केले होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात बिहारमधील मोकामा परिसरात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी मोठ्या संख्येने नीलगायी मारल्या. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच मंत्रिमंडळातील पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली. राज्यांची मागणी आणि शेतकऱ्यांचे नुकसान यांचा विचार करूनच परवानगी दिली, अशी जावडेकरांची भूमिका होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अधिसूचनांना स्थगिती दिली नाही आणि याचिकाकर्त्यांना आपले म्हणणे केंद्राकडे मांडण्यास सांगितले.

दोन्ही बाजूंच्या मागे मोठी परंपरा आहे. प्राणिकल्याणाचा विचार आपल्याकडे कायद्यात उतरला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मानवाव्यतिरिक्त कोणत्याही सजीवाला 'प्राणी' म्हटले आहे. शब्दशः पाहिले तर अळीही त्यात बसते. दुसरीकडे नियंत्रित शिकारीची बाजू केवळ हौशी शिकाऱ्यांनी मांडली असे समजणे चुकीचे ठरेल. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पर्यावरणशास्त्र केंद्राची उभारणी करणारे माधव गाडगीळ यांनीही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर कठोर टीका केली. शेतात घुसणाऱ्या रानडुकराला मारण्याचा अधिकार स्थानिकांना असावा, असे ते सातत्याने मांडत आले. निसर्गरक्षणाला आयुष्य दिलेला शास्त्रज्ञ असे म्हणतो, तेव्हा त्या मताला 'रक्ताची चटक' म्हणून बाजूला सारता येत नाही.

कायदाही सरसकट 'नाही' म्हणत नाही. २०२२च्या सुधारणेनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडूक व नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरणाऱ्या अशा प्राण्याच्या शिकारीची परवानगी कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने देऊ शकतो. कलम ६२ नुसार केंद्र एखाद्या क्षेत्रापुरते व काळापुरते त्याला उपद्रवी घोषित करू शकते. वाट आहे. ती कोणत्या पुराव्यावर चालावी, हे मात्र ठरलेले नाही.

फवारणीआधी मोजणी

कीड व्यवस्थापनात आपण एक शिस्त अंगी बाणवून घेतली आहे. कीड दिसली म्हणजे फवारणी करावयाची नाही. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग आले, तरच गुलाबी बोंडअळीसाठी उपाय सुरू करा, असे आपण शेतकऱ्याला सांगतो. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली गेली का, मित्रकीटक किती आहेत, पीक कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहिल्यावरच औषधाची बाटली उघडावयाची असते.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत ही शिस्त दोन्ही पक्षांनी गुंडाळून ठेवली आहे. शिकार समर्थक 'प्राणी फार वाढले' म्हणतात आणि प्राणिप्रेमी 'नुकसान फुगवून सांगतात' म्हणतात. कोणत्या गावात, कोणत्या पिकाचे, कोणत्या प्राण्याने, किती नुकसान केले, याची नोंद दोघांच्याही हाती क्वचितच असते.

मोजणी झाली तेथे चित्र बदलले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरील शेतांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मिलिंद वाटवे यांचा त्यात सहभाग होता. जंगलापासूनच्या अंतरानुसार उत्पादन कसे बदलते, हे त्यात मोजले गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या नासाडीपेक्षा उत्पादनातील प्रत्यक्ष घट जास्त असू शकते, हा त्यातील महत्त्वाचा धडा होय. कीटकशास्त्रज्ञाला याचे आश्चर्य वाटणार नाही. खोडकिडीचे नुकसान बाहेरून पाहणाऱ्याला कधीच पूर्ण दिसत नाही. कोवळ्या अवस्थेत खुडलेले शेंडे पंचनाम्याच्या दिवशी कोठे दिसणार?

याहून मोठे नुकसान तर शेतात दिसतच नाही. रानडुकरांच्या भीतीने शेतकरी भुईमूग सोडतो, ज्वारी सोडतो. न पेरलेल्या पिकाचा पंचनामा होत नाही. माळ्यावर काढलेल्या रात्री, गमावलेली झोप, साप-विंचवाची जोखीम यांचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो. शेतकऱ्याच्या संतापाचे मूळ येथे आहे आणि प्राणिकल्याणवाद्यांनी ते समजून घेतले पाहिजे.

मारल्याने संख्या घटते का?

आता दुसऱ्या बाजूला एक प्रश्न. मारणे हा उपाय आहे, असे गृहीत धरताना तो उपाय लागू पडतो का, हे तपासले आहे काय?

जर्मनीत शिकार कायदेशीर आहे आणि तिची संघटित परंपरा आहे. तेथे २०१७-१८च्या हंगामात ८ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली. तरीही तेथील रानडुकरांचा प्रश्न सुटलेला नाही. कारण जीवशास्त्रात आहे. रानडुकराची मादी सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेतात सामान्यतः ४ ते ६ पिल्ले देते. फ्रान्समधील एका दीर्घ अभ्यासात, शिकारीचा दाब जास्त असलेल्या ठिकाणी पिल्ले वर्षात लवकर जन्माला येताना दिसली. चुकीच्या फवारणीनंतर कीड दुप्पट जोमाने उसळते, तसाच हा प्रकार.

उलट टोकाचे उदाहरण हिमाचल प्रदेशचे. तेथे माकडांना उपद्रवी ठरवूनही फारशी माकडे मारली गेली नाहीत. ज्याच्या फळबागेचे नुकसान होते, त्याच शेतकऱ्याचा हात श्रद्धेने मागे येतो. तेथे २००७ पासून माकडांचे निर्बीजीकरण चालू आहे. ज्या उपायाला गावाचे मन राजी नाही, तो कागदावर मंजूर होऊनही शेतात पोहोचत नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या क्षेत्रातील एक आठवण येथे उपयोगी पडेल. २००८ च्या सुमारास पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात आला आणि फवारण्यांना दाद देईना. आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूच्या संस्थेने २०१० साली पोर्तो रिकोहून परोपजीवी कीटक आणले आणि कीड आटोक्यात आली. रानडुकराचेही नैसर्गिक शत्रू आहेत: वाघ, बिबट्या, कोळसुंदा. ते जेथून हद्दपार झाले, तेथे त्यांचे काम बंदुकीने करावे लागते आणि बंदूक ते काम त्यांच्याइतके सातत्याने करीत नाही.

अळी आणि रानडूक यांतील फरक

तुलना येथवर नेता येते, पुढे नाही. रानडुकराला होणारी वेदना ही शंकेची बाब नव्हे. प्राणिकल्याणवाद्यांचा हा मुद्दा निर्विवाद आहे. पण एक कटू वस्तुस्थिती त्यांनीही पाहावी. कायदेशीर वाट बंद किंवा फार लांब असते, तेथे प्राणी वाचत नाही. तो अधिक क्रूरपणे मरतो. फासे, गावठी बॉम्ब, विजेची उघडी तार आणि विष ही त्या बंद वाटेची फळे आहेत.

केरळात २०२०च्या मे महिन्यात स्फोटक भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण तडफडून मेली. अशी स्फोटके बहुधा रानडुकरांसाठी पेरली जातात. २०२५च्या जून महिन्यात कर्नाटकातील मलै महादेश्वर अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे ४ बछडे विषबाधेने मेले. त्यांनी मारलेल्या गायीच्या कलेवरावर विष टाकले गेले होते. विदर्भात रानडुकरांसाठी सोडलेल्या विद्युतप्रवाहाने वाघ मेले आहेत आणि माणसेही. विष आणि तार यांना लक्ष्य ओळखता येत नाही. व्यापक प्रभावाचे कीटकनाशक मधमाशीला ओळखत नाही, तसेच हे.

म्हणून माझे उत्तर असे. नियंत्रित पद्धतीने मारण्याचा पर्याय बंद असू नये, पण तो फवारणीप्रमाणे शेवटचा असावा. तो मोजणीवर आधारलेला असावा आणि वापरल्यावर त्याचा परिणाम पुन्हा मोजला जावा. अळीच्या बाबतीत नसलेली एक अट येथे जास्तीची आहे: वेदना कमीत कमी असावी आणि चुकीचा प्राणी बळी पडू नये. ही अट पाळावयाची तर हे काम प्रशिक्षित माणसाचेच, लेखी परवानगीचे आणि पंचनाम्याचे असावयास हवे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

प्रथम, ओळख पटवा. रानडूक ताटे आडवी पाडून कणसे खाते व जमीन उकरते. साळिंदर बुंध्याशी कुरतडते. माकडे ताट उभे ठेवून कणीस सोलतात व अर्धवट टाकतात. कोल्हाही मक्याची कणसे आणि ऊस चघळतो. खुरांचे ठसे, विष्ठा आणि दातांच्या खुणा यांची छायाचित्रे तारखेसह ठेवा.

दुसरे, मोजा. किडीच्या सर्वेक्षणाप्रमाणे शेतात ५ ठिकाणे निवडा, प्रत्येक ठिकाणची एकूण व बाधित ताटे मोजा. पेरणीनंतर, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना अशी किमान ३ वेळा नोंद घ्या. भीतीने सोडलेली पिके व राखणीच्या रात्रीही गावाच्या वहीत लिहा.

तिसरे, रोखा. एकट्या शेताच्या कुंपणाने प्राणी शेजाऱ्याकडे वळतो, म्हणून सौर कुंपण शक्यतो गटाने उभारावे. त्यात मर्यादित क्षणिक झटका देणारे प्रमाणित यंत्रच वापरावे. घरगुती किंवा पंपाच्या वाहिनीतून तारेत प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि तो जीवघेणा आहे. मक्याभोवती एरंड, भुईमुगाभोवती काटेरी करडई असे सीमापीकही घेता येते.

चौथे, भरपाई मिळवून द्या. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक जोखीम म्हणून घेण्याचा निर्णय केंद्राने २०२५च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केला. तो खरीप २०२६ पासून लागू करावयाचा असून, नुकसानीची माहिती ७२ तासांत पीक विमा ॲपवर छायाचित्रांसह द्यावी लागते. आपल्या राज्याने व जिल्ह्याने हे संरक्षण घेतले आहे का, याची खात्री हंगामापूर्वीच करावी. बंदीपूर व नागरहोळे परिसरात बेंगळुरूच्या वन्यजीव अभ्यास केंद्राने २०१५ पासून चालविलेली 'वाइल्ड सेवे' ही सेवा येथे अनुकरणीय आहे. शेतकऱ्याने दूरध्वनी करावा, कार्यकर्त्याने शेतात येऊन नोंद घ्यावी आणि अर्ज भरून द्यावा, इतकी ती साधी आहे.

एवढे करूनही नुकसान थांबत नसेल, तर हीच वही घेऊन वनाधिकाऱ्यांकडे परवानगीसाठी जावे. आकड्यांनिशी आलेला अर्ज नाकारणे अवघड असते आणि आकड्यांवर दिलेल्या परवानगीला न्यायालयात आव्हान देणेही तितकेच अवघड असते.

पुढच्या हंगामात मी त्याच गावी गेलो, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या मक्यात आम्ही दोघांनी मिळून ५ ठिकाणे मोजली. ओढ्याकडच्या कोपऱ्यात ताटे आडवी होती, माती उकरलेली होती. तेथे रानडूकच होते. पण वरच्या बांधाला ताटे उभी होती आणि सोललेली कणसे खाली पडली होती. ते पाहून काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इथला राग मी भलत्यावरच काढत होतो." त्यांची तक्रार खोटी ठरली नव्हती. उलट ती आता दोन नावांनिशी आणि आकड्यांनिशी कागदावर आली होती. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: भुईमूग, ६ वर्षे पेरला नाही.