कोयता पारखताना

कोयता विकत घेणे हा काय रविवारच्या पुरवणीचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. पण ज्याला पाच-सहा महिने रोज पहाटेपासून घाव घालायचे आहेत, त्याच्या दृष्टीने याहून मोठी खरेदी नसते. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे बीड जिल्ह्यात होतो. दसऱ्याच्या आगेमागे आठवडी बाजारात ऊसतोडीला निघालेली मंडळी लोहाराच्या पालापुढे उकिडवी बसलेली दिसत. आम्ही कर्जाचे कागद तपासत नसू इतक्या बारकाईने ती पाते तपासत.

पहिला प्रश्न लोखंडाचा. ‘पाट्याचा आहे का?’ पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा. त्या पोलादात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडा अधिक असतो आणि धक्का सोसून पुन्हा जागेवर येणे हा त्याचा धर्मच. साध्या पट्टीच्या लोखंडात कर्ब इतका कमी, की त्याला कितीही पाणी पाजा, धार टिकत नाही.

खरी मेख त्या पाण्यातच आहे. लालभडक पाते एकदम बुडवले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. घासून उजळलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते. निळ्याकडे जावे तसा चिवटपणा वाढतो. आता ऊस तोडायचा तो अगदी जमिनीलगत, कारण बुडख्यात साखर जास्त. तिथे खडा हमखास भेटतो. फार कडक धारेचा खड्यावर टवकाच उडतो. चिवट धार वळते, आणि बांधावर बसून कानशीने पुन्हा लावता येते. माझा कौल चिवटपणाला. कोयत्याने कागद कापून दाखवणाऱ्या विक्रेत्याला लांबूनच नमस्कार करावा!

मग मूठ. मिटणारा चाकू अशा कामाला चालत नाही, कारण सांधा हीच त्याची दुबळी जागा. कोयत्याचे पाते आणि मुठीत शिरणारे शेपूट एकाच तुकड्याचे हवे, जोड दिलेले नको. शेपूट आखूड असले की मूठ लवकर खुळखुळते. पाते बोटावर तोलून वाजवून बघावे. खणखणले तर ठीक, बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे असे समजून खाली ठेवावे.

2023 च्या सुमारास पुण्यातल्या टोळक्यांनी या अवजाराचे नाव पार बदनाम केले. शहरातल्या वाचकाला कोयता म्हटले की आता पोलीस आठवतात. ऊसतोडीच्या व्यवहारात मात्र नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामाआधी उचल देतो तीही कोयत्यामागे. आमच्या बँकेत तारण वेगळे आणि कर्जदार वेगळा असे. इथे दोन्ही एकच. जोडीतल्या बाईला ताप आला की त्या दिवसाचा खाडा धरला जातो, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामात ओढली जाते. बाजारात तो गडी एकेक पाते उचलून वाजवत असे तेव्हा बायको शेजारी बसलेली असे. बऱ्याचदा शेवटचा कोयता तीच निवडी, कारण वाढे छाटायचे आणि मोळ्या बांधायच्या ते काम तिच्याकडे असे.