कारखाना आणि संगणक (लेखांक ६) : ‘रेव्ह सी’ कुठवर पोचली?

पार्टचं मॉडेल, ड्रॉइंग, बीओएम (सुट्या भागांची यादी) आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची मंजुरी सांभाळणारं पीएलएम आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. ते असतं कंपनीच्या आत. पार्ट मात्र बनतो बाहेर, भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या एखाद्या शेडमध्ये, जिथे त्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घेणं कुणाला परवडत नाही. मग ड्रॉइंग तिथे पोचतं कसं?

अजूनही बऱ्याच ठिकाणी मेलनेच. पर्चेसवाला पीडीएफ पाठवतो, व्हेंडर प्रिंट काढतो आणि ती प्लास्टिकच्या फोल्डरात जाऊन व्हीएमसीशेजारी लटकते. खाली उजवीकडे टायटल ब्लॉकमध्ये ‘रेव्ह बी’, म्हणजे रेव्हिजन बी. आठवड्याभराने डिझाइनवाले एका बोअरचा टॉलरन्स आवळतात, ‘रेव्ह सी’ रिलीज होते, पीएलएममध्ये सगळं चोख. फोल्डरातला कागद तेवढा जुनाच राहतो. माल इन्स्पेक्शनला नापास झाला की दोन्ही पक्ष आपापलं ड्रॉइंग काढून दाखवतात, आणि म्हणणं दोघांचंही आपापल्या ड्रॉइंगबरहुकूम असतं!

यावर उपाय एकच : फाइल पाठवायची नाही, दर वेळी मूळ जागी विचारायचं. व्हेंडर आपल्या ब्राउझरमध्ये पोर्टल उघडून पार्ट नंबर टाकतो. पोर्टलचा सर्व्हर तो नंबर घालून पीएलएमच्या एपीआयकडे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दाराकडे, वेबवरून विनंती पाठवतो, सोबत ठरावीक मुदतीचं टोकन. पीएलएम आधी टोकन तपासतं : विचारणारा कोण, त्याला कोणत्या प्रोजेक्टपुरती मुभा? मुभा नसेल तर ४०३ हा नकाराचा कोड परत येतो आणि विषय संपतो. असेल तर उत्तरात मोजक्या ओळी येतात : पार्ट नंबर, चालू रेव्हिजन, स्थिती ‘रिलीज्ड’, मटेरियल आणि मॉडेलची लिंक. जड कॅड फाइल हलतच नाही. नुसतं फिरवून पाहायला, मापं घ्यायला जेटीसारखी हलकी आवृत्ती पुरते. हा फॉरमॅट २०१२ पासून आयएसओ १४३०६ या मानकात आहे. हाच प्रश्न कंपनीचं खरेदी-हिशेब सांभाळणारं ईआरपीही विचारू शकतं, म्हणजे पर्चेस ऑर्डरवर रेव्हिजन आपोआप चढतं. कुणी हाताने टाइप करायला नको.

कल्पना नवी नाही. पीटीसी या कंपनीने १९९८ मध्ये विंडचिल आणलं तेच मुळी ब्राउझरमधून वापरायचं पीएलएम म्हणून.

पण जोडणी झाली की डेटाही जुळला, असं समजू नये. एअरबस ए३८० च्या वेळी कंपनीचे हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या व्ही४ वर काम करत होते, तुलूझचे व्ही५ वर. विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायरिंग. हॅम्बुर्गहून आलेले हार्नेस (वायरींचे जुडगे) तुलूझला विमानात बसवायला घेतले तेव्हा वायरी आखूड पडू लागल्या. २००६ मध्ये कंपनीला विलंब जाहीर करावा लागला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. कंपनी एक, विमान एक, तरी ही गत. म्हणून बाहेरच्यांशी देवाणघेवाण करताना स्टेपसारख्या तटस्थ फॉरमॅटचा आग्रह धरतात. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३; या मानकाचे पहिले भाग १९९४ मध्ये आले.

आता माझी तक्रार. पाच कंपन्यांना माल देणाऱ्या छोट्या व्हेंडरला आज पाच पोर्टलं, पाच पासवर्ड आणि पाच तऱ्हेचे स्क्रीन सांभाळावे लागतात. शेवटी तो वैतागून म्हणतो, “साहेब, मेलच करा ना.” की पुन्हा फोल्डर, पुन्हा रेव्ह बी. गंमत अशी की विंडचिल, टीमसेंटर आणि डासोच्या पीएलएमवर काम करणारे इंजिनिअर पुण्यातच मोठ्या संख्येने बसतात. मोठ्या कंपन्यांनी एपीआयवर लाखो खर्च केले, पण ते आपापल्या ईआरपीपुरते; व्हेंडरच्या साध्या सिस्टिमला थेट विचारता येईल असं दार फार थोड्यांनी उघडलं. हा तंत्राचा दोष नव्हे, इच्छेचा आहे.

व्हेंडर मंडळींना एवढंच सांगणं : पुढच्या कराराच्या वेळी भावाबरोबर ‘रीड-ओन्ली’ एपीआय ॲक्सेसही मागून घ्या. तो मिळेपर्यंत फर्स्ट पीस लावण्याआधी पोर्टलवरचं रेव्हिजन पाहा आणि मशीनशेजारची जुनी प्रिंट फाडून टाका.