पेढीवरील संगणक सुरू न झाल्यास

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या करपात्र मालास ई-वे बिल लागू झाले, आणि आमचे रोजमेळ व खतावणी हळूहळू चोपड्यांतून संगणकाच्या पेटीत जाऊन बसली. ट्रक भरून उभा आहे व पेटी मुकी आहे, अशा वेळी घाबरलेला धनी जो प्रथम येईल त्या कारागिराच्या स्वाधीन होतो. पेटीचा स्वभाव थोडा जाणून घेतल्यास ही पाळी पुष्कळदा टळते.

पूर्वीच्या संगणकांत पुढील बटन थेट वीज जोडीत व तोडीत असे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना पुढे आणली, तेव्हापासून ते बटन केवळ हाक मारण्यापुरते उरले. भिंतीवरील बटन चालू असेपर्यंत पेटीतील वीजपुरवठ्याचे यंत्र, ज्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात, ते मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीकसा पुरवठा सदैव करीत असते. आपण बटन दाबले की मदरबोर्ड त्यास आज्ञा देतो आणि मगच १२, ५ व ३.३ व्होल्टचा मुख्य पुरवठा सुरू होतो. दिवाणजींनी कितीही हाका मारल्या तरी हमालच वखारीत नसेल तर पोते जागचे हलत नाही, तद्वतच हे आहे. सबब प्रथम वीज येते की नाही हे पाहावे. बटनाकडे व मदरबोर्डकडे त्यानंतर वळावे.

ज्या सॉकेटात संगणक आहे त्यात टेबलावरील दिवा लावून पाहावा. यूपीएसची बॅटरी संपली की काही यूपीएस वीज असूनही पुढे पुरवठा देत नाहीत, म्हणून तो वगळून प्लग थेट भिंतीत लावावा. पेटीस व मॉनिटरला लागणारी वायर बहुधा एकसारखीच असते. तेव्हा चालू मॉनिटरची वायर पेटीस लावून पाहावी. धान्याच्या दुकानी उंदीर वायर कुरतडतात हे निराळे सांगावयास नको. पेटीच्या मागे एसएमपीएसवर लहान बटन असते, त्यावरील उभी रेघ म्हणजे चालू व गोल म्हणजे बंद. झाडलोट करताना ते नकळत दाबले जाते. जुन्या एसएमपीएसवर ११५ व २३० असा लाल खटकाही असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा, ११५ वर सरकविल्यास यंत्र जळते.

विजेचा दाब अकस्मात वाढल्यानंतर पेटी निपचित पडली असेल, तर प्लग काढून पुढील बटन तीस सेकंद दाबून धरावे आणि काही मिनिटांनी प्लग पुन्हा लावावा. एसएमपीएस संकट ओळखून स्वतःस कुलूप घालून घेतो. आत साठलेली वीज निघून गेली की ते कुलूप सुटते. पंखा एकदा फिरून थांबत असेल तर कोठेतरी शॉर्ट आहे असा संशय घ्यावा, व प्रिंटर, पेनड्राइव्ह इत्यादी जोडण्या काढून पुन्हा प्रयत्न करावा. वखारीतील भुशी व पीठ पावसाळ्यात ओल धरून आत चिकटते. ते प्लग काढून, पंखा बोटाने धरून, ब्लोअरने उडवावे. मात्र एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहतो.

आता मुख्य गोष्ट. एसएमपीएस जळला तरी हिशेब सहसा जळत नाही. तो डिस्कमध्ये सुरक्षित असतो. आमच्या परिचयाच्या एका पेढीवर कारागिराने पेटी नेली, एसएमपीएस बदलला आणि विनाकारण डिस्कही पुसून परत दिली. कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, हे त्यास कोण सांगणार? यास्तव पेटी दुरुस्तीस देण्यापूर्वी डिस्क काढून पेढीवर ठेवून घ्यावी, आणि दुसरा चालू एसएमपीएस जोडून पाहिल्याखेरीज मदरबोर्ड गेला हे मान्य करू नये.

संगणक सुरू झाल्यावर पहिले बिल करण्यापूर्वी कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती मागची दिसली तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलावा. तो घड्याळाच्या दुकानीही मिळतो.